गुंतवणूकदारांच्या मनःस्थितीमुळे शेअर बाजाराचा परतावा खरोखर बदलतो का?

प्रश्न
इंदिरानगरकर (नाशिक)

नमस्कार.

नाशिकमध्ये आम्हा काही मंडळींचा एक छोटा अभ्यासगट आहे. कोणी ओझरच्या एचएएलमधून (विमाने बनवणारी सरकारी कंपनी) निवृत्त झालेले आहेत, कोणी अंबडला लहानसा कारखाना चालवतात, तर एक जण महाविद्यालयात वाणिज्य शिकवतात. एखादी कंपनी किंवा एखादा विषय ठरवायचा, सगळ्यांनी वाचून यायचे आणि मग सविस्तर बोलायचे, अशी पद्धत आहे. गेल्या बैठकीत मात्र सरळ दोन तट पडले आणि विषय अर्धवट राहिला, म्हणून जाणकारांसमोर तो मांडत आहे.

एका बाजूचे म्हणणे असे की, शेअरचा भाव कंपनीच्या कमाईमागे जातो. लोक घाबरले किंवा हुरळले तरी त्याचा परिणाम चार दिवसांचा असतो आणि लांब पल्ल्याच्या गुंतवणूकदाराने त्याची दखल घेण्याचे कारण नाही. दुसऱ्या बाजूने जून २०२४ चा लोकसभा निकालाचा आठवडा पुढे केला. मतदानोत्तर चाचण्यांच्या अंदाजांवर ३ जूनला सेन्सेक्स सुमारे २,५०० अंशांनी वर गेला, प्रत्यक्ष निकालाच्या दिवशी, ४ जूनला, तो ४,३९० अंशांनी कोसळून ७२,०७९ वर बंद झाला आणि ७ जूनला ७६,६९३ या नव्या उच्चांकावर पोहोचला. त्या पाच दिवसांत देशातील कंपन्यांच्या कमाईत असे काय घडले, या प्रश्नाला पहिल्या बाजूकडे उत्तर नव्हते. पण ‘मग हा परिणाम टिकतो किती आणि कोणत्या शेअरवर जास्त होतो’, या प्रश्नाला दुसऱ्या बाजूकडेही उत्तर नव्हते.

मला स्वतःला आणखी एक गोष्ट उलगडत नाही. भाव भावनेच्या भरात चुकीच्या पातळीवर जातात हे जर सर्वांना ठाऊक असेल, तर मोठ्या संस्था आणि अनुभवी गुंतवणूकदार त्याचा फायदा घेऊन ते लगेच जागेवर का आणत नाहीत?

यामागे एक व्यवहारातली निकडही आहे. गटातील एका सदस्यांच्या मेहुण्यांना निवृत्तीची बरीच मोठी रक्कम मिळाली असून, गेल्या तीन वर्षांचा परतावा पाहून ती एकरकमी एका स्मॉलकॅप (लहान कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या) फंडात घालावी असे त्यांच्या मनात आहे. त्यांना आम्ही काय सांगावे, यावरही गटात एकमत नाही. आपण सविस्तर लिहिलेत तर आमच्या पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवता येईल.


उत्तर
हिशेबनीस (कॉलेज रोड, नाशिक)

वादाचा निकाल लावण्याआधी एक लहान गणित करून पाहावे, असे सुचवतो. समजा, एका कंपनीची प्रतिशेअर कमाई ५० रुपये आहे आणि बाजार त्या कमाईच्या वीसपट भाव देतो, म्हणजे शेअर १,००० रुपयांना आहे. वर्षभरात कमाई २० टक्क्यांनी वाढून ६० झाली आणि त्याच काळात लोक त्या क्षेत्रावर इतके खूश झाले, की वीसऐवजी तीसपट भाव देऊ लागले. शेअर १,८०० वर गेला. पुढच्या वर्षी कमाई पुन्हा २० टक्क्यांनी वाढून ७२ झाली, पण उत्साह ओसरून पट पुन्हा वीसवर आला, आणि शेअर १,४४० वर उतरला.

आता पाहा. दोन वर्षांत कमाई ४४ टक्क्यांनी वाढली आणि भावही बरोबर ४४ टक्क्यांनीच वाढला. म्हणजे पहिल्या दिवसापासून जो बसून होता त्याच्या दृष्टीने आपल्या गटातील पहिली बाजू खरी ठरली. पण ज्याने १,८०० ला घेतला त्याने, कमाई २० टक्क्यांनी वाढत असताना, स्वतःचे २० टक्के गमावले. परताव्याचे तीन भाग असतात: लाभांश, कमाईतील वाढ आणि बाजार त्या कमाईला देत असलेल्या पटीतील बदल. मनःस्थितीचा थेट परिणाम होतो तो या तिसऱ्या भागावर. हा भाग लांबच्या काळात बहुतेक शून्याकडे येतो, मात्र दोन-चार वर्षांच्या काळात तोच बाकी दोघांना झाकून टाकतो. आणि आपल्यापैकी बहुतेकांचे पैसे बाजारात येतात ते नेमके पट फुगलेली असताना.

कोणत्या शेअरवर परिणाम जास्त होतो, याचे चांगले उत्तर माल्कम बेकर आणि जेफ्री वर्गलर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी २००६ मध्ये दिले. बाजारातील उत्साह मोजण्यासाठी त्यांनी सहा खुणा एकत्र केल्या: क्लोज्ड-एंड फंडांचे (मुदतीआधी पैसे परत न देणारे, पण ज्यांचे युनिट बाजारात विकता येतात असे फंड) युनिट मूळ मूल्यापेक्षा किती स्वस्त विकले जातात, शेअरची उलाढाल किती आहे, किती आयपीओ (कंपनीची पहिली जाहीर शेअरविक्री) येत आहेत, त्यांना पहिल्याच दिवशी किती नफा मिळतो, कंपन्या कर्जाच्या तुलनेत शेअर विकून किती भांडवल उभे करत आहेत आणि लाभांश देणाऱ्या शेअरना लोक किती जास्त मोल देतात. उत्साह शिगेला असताना लहान, नव्या, तोट्यातल्या, लाभांश न देणाऱ्या आणि फार हेलकावे खाणाऱ्या कंपन्यांचे पुढचे परतावे तुलनेने कमी आले. उत्साह मावळलेला असताना याच कंपन्यांचे पुढचे परतावे जास्त आले. जुन्या, स्थिर, नियमित लाभांश देणाऱ्या कंपन्यांवर हा परिणाम फारसा दिसला नाही. कारणही समजण्यासारखे आहे. ज्या कंपनीची दहा वर्षांची कमाई समोर आहे तिची किंमत कोणालाही साधारण काढता येते, पण जिची सगळी कमाई अजून भविष्यात आहे तिच्या बाबतीत कोणताही आकडा खोटा ठरवता येत नाही, आणि अशा ठिकाणी कल्पनेला मोकळे रान मिळते. आपल्या सदस्यांच्या मेहुण्यांनी निवडलेला स्मॉलकॅप फंड याच टोकाच्या शेअरमध्ये पैसे लावतो, हे त्यांना आधी सांगावे.

त्या सहा खुणांपैकी आयपीओंची संख्या नाशिककरांना विशेष लवकर समजेल. लासलगावला कांद्याला भाव मिळाला, की पुढच्या हंगामात लागवड वाढते आणि माल बाजारात आला की भाव पडतात. शेअरचेही तसेच आहे, भाव चढे असले की कंपन्यांचे प्रवर्तक आणि जुने गुंतवणूकदार नवा माल घेऊन बाजारात येतात. २०२१ मध्ये मुख्य बाजारातील आयपीओंनी सुमारे १.२ लाख कोटी रुपये उभे केले आणि २०२४ मध्ये सुमारे १.६ लाख कोटी. दोन्ही वर्षे त्या-त्या वेळचे उच्चांक होते. ऑगस्ट २०२४ मध्ये तर दिल्लीतील मोटारसायकलींची दोन शोरूम आणि आठ कर्मचारी असलेल्या एका कंपनीच्या १२ कोटींच्या एसएमई (लहान उद्योगांसाठीच्या वेगळ्या विभागातील) आयपीओला सुमारे ४,८०० कोटींचे अर्ज आले. कंपनीला सर्वांत चांगले ओळखणारा माणूस विकतो आहे आणि तिचे नाव काल ऐकलेला घेतो आहे, असे चित्र सर्रास दिसू लागले की उत्साहाचा अंदाज घ्यायला वेगळा निर्देशांक लागत नाही.

जाणकार लोक भाव जागेवर का आणत नाहीत, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. महाग शेअर खाली आणायचा तर तो आपल्याकडे नसताना विकता आला पाहिजे. आपल्याकडे रोखीच्या व्यवहारात असे शॉर्ट सेलिंग सामान्य गुंतवणूकदाराला त्याच दिवसापुरते करता येते. त्यापुढे ते करायचे तर फ्युचर्स-ऑप्शन्सचा (पुढच्या तारखेच्या सौद्यांचा) मार्ग आहे, आणि ती सोय हजारो नोंदणीकृत कंपन्यांपैकी सुमारे दोनशे शेअरनाच आहे. शेअर उसने घेऊन विकण्याची व्यवस्था आहे, पण तिथे उलाढाल फार थोडी असते. परिणाम असा, की एखादा स्मॉलकॅप शेअर अवाच्या सवा महाग आहे असे मानणाऱ्या शंभर जणांना आपले मत भावात उतरवता येत नाही. ते फार तर बाजूला राहतात, आणि भाव ठरवतात ते उरलेले आशावादी. त्यात प्रवर्तकांकडे पाऊणशे टक्क्यांपर्यंत हिस्सा असला, तर बाजारात फिरणारे शेअर मुळातच थोडे असतात. रोज सकाळी पडद्यावर खरेदीच्या बाजूला लाखो शेअरच्या ऑर्डर आणि विक्रीच्या बाजूला शून्य, असे अपर सर्किट (भाव एका दिवसात जास्तीत जास्त किती चढू शकतो ती मर्यादा) लागले की तो शेअर मिळतच नाही म्हणून आणखी हवाहवासा होतो. उतरताना हेच चित्र उलटे होते, तेव्हा विक्रीची रांग लागते आणि घेणारा कोणी नसतो.

जिथे शॉर्ट सेलिंग शक्य आहे तिथेही धोका संपत नाही. ब्रॅडफर्ड डीलाँग, आंद्रे श्लायफर, लॉरेन्स समर्स आणि रॉबर्ट वाल्डमन यांनी १९९० मध्ये दाखवले की, चुकीचा भाव सुधारण्याआधी आणखी चुकीचा होऊ शकतो, आणि ज्याचे भांडवल उसने आहे किंवा ज्याच्याकडे दर तिमाहीला हिशेब मागितला जातो, तो तोपर्यंत तग धरू शकत नाही. आपला अंदाज शेवटी बरोबर ठरला तरी त्याआधी पैसे संपले तर त्याचा उपयोग नसतो, म्हणून हुशार पैसा अनेकदा लाटेच्या विरुद्ध न जाता काही काळ तिच्याबरोबरच जातो.


उत्तर
पंचवटीकर

वरील गणित आणि शॉर्ट सेलिंगबद्दलचे विवेचन मान्य आहे, पण एका गोष्टीत घाई होते असे मला वाटते. पट बदलली म्हणजे भावनाच बदलली, असे धरून चालता येत नाही. व्याजदर उतरले, तर भविष्यातील कमाईचे आजचे मूल्य वाढते आणि पूर्ण विचारपूर्वक वागणारा माणूसही जास्त पट द्यायला तयार होतो. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने मार्च आणि मे महिन्यांत रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर) ४ टक्क्यांपर्यंत खाली आणला, हे त्यानंतरच्या तेजीचे एक खरेखुरे कारण होते. तेच पडझडीबद्दल. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स ३,९३५ अंशांनी पडून २५,९८१ वर बंद झाला, त्याला आज आपण भीतीचा कळस म्हणतो. पण त्या दिवशी कारखाने किती महिने बंद राहतील, किती कंपन्या बुडतील, लस येईल की नाही, हे जगात कोणालाच ठाऊक नव्हते. अशा वेळी भाव खाली येणे हा शहाणपणाचाही भाग असतो. नंतर बाजार सावरला म्हणून तेव्हाची विक्री मूर्खपणाची होती असे म्हणणे, हे निकाल लागल्यावर पेपर सोडवण्यासारखे आहे.

जून २०२४ बद्दलही हेच म्हणेन. सरकार कोणते येणार, धोरणे टिकणार की नाही, ही खरी माहिती आहे. त्या आठवड्यातील हालचालींचा आकार भावनेने वाढवला असेल, पण दिशा केवळ भावनेची नव्हती.

अर्थशास्त्रात हा वाद अजून मिटलेला नाही. बाजारभावात उपलब्ध माहिती सामावलेली असते असे मांडणारे युजीन फामा आणि लाभांशात होणाऱ्या बदलांच्या मानाने भाव फार जास्त हलतात हे १९८१ मध्ये दाखवणारे रॉबर्ट शिलर, या दोघांना २०१३ चे अर्थशास्त्राचे नोबेल लार्स पीटर हॅन्सन यांच्यासह एकत्र मिळाले. मी शिलर यांच्या बाजूला झुकतो. तरीही उत्साह वेळेवर ओळखणे ही वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी अतिउत्साहाचा इशारा डिसेंबर १९९६ मध्ये दिला होता आणि नॅसडॅक या तिथल्या शेअर निर्देशांकाचा उच्चांक आला मार्च २००० मध्ये. इशारा ऐकून लगेच बाहेर पडलेल्याला सव्वातीन वर्षे चढत्या बाजाराकडे पाहत बसावे लागले असते. आपल्या गटाने मनःस्थितीचा अभ्यास जरूर करावा, मात्र त्यावरून बाजारात शिरण्याचे आणि बाहेर पडण्याचे दिवस ठरवू नयेत.


उत्तर
वितरक (नाशिक रोड)

मी म्युच्युअल फंड वितरक आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या लोकांमध्ये मुद्रणालयातील कर्मचारी, शिक्षक आणि द्राक्ष बागायतदार जास्त आहेत. वरची दोन्ही उत्तरे बाजाराच्या परताव्याबद्दल आहेत. माझा अनुभव असा, की बाजाराचा परतावा आणि माणसाच्या हातात पडणारा परतावा यांत जे अंतर असते, तिथे मनःस्थितीची खरी किंमत मोजली जाते, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते.

एक हिशेब देतो, तो आपल्या बैठकीत फळ्यावर लिहून दाखवावा. एका फंडाचे युनिट १० रुपयांना आहे. एका वर्षात ते २० झाले आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी १५ वर आले. फंडाच्या पत्रकात लिहिले जाईल: दोन वर्षांत ५० टक्के, म्हणजे वार्षिक साडेबावीस टक्क्यांच्या आसपास. आता एका गुंतवणूकदाराने सुरुवातीला फक्त १०,००० रुपये टाकले, कारण तेव्हा विश्वास नव्हता. पैसे दुप्पट झालेले पाहून वर्षाअखेरीस आणखी ९०,००० टाकले. त्याला पहिल्या वेळी १,००० युनिट मिळाले, दुसऱ्या वेळी ४,५००. शेवटी ५,५०० युनिटांचे १५ रुपयांनी ८२,५०० रुपये झाले. एक लाख घालून साडेसतरा हजारांचा तोटा, आणि तोही वार्षिक साडेबावीस टक्के देणाऱ्या फंडात! यात फंड व्यवस्थापकाची काही चूक नाही. असा माणूस मग वितरकाकडे येऊन फंडाला दोष देतो, पैसे काढतो, आणि पुढच्या तेजीच्या शेवटी दुसऱ्या फंडात शिरतो.

याच्या मुळाशी असलेली एक सवय मी रोज पाहतो. तोट्यातल्या शेअरबद्दल विचारले की लोक म्हणतात, “माझा भाव आला की निघतो.” कंपनीला त्यांच्या खरेदीभावाची माहिती नसते आणि बाजारालाही नसते, तरी तो आकडा मनात इतका घट्ट बसलेला असतो की कंपनीचा धंदा आटत चालला आहे हे ताळेबंदात दिसत असूनही विक्री होत नाही. दुसरीकडे नफ्यातला चांगला शेअर पंधरा-वीस टक्के वर गेला की विकून मोकळे होतात. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात याचे मूळ आहे: तेवढ्याच रकमेच्या नफ्याच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख जास्त जाणवते, त्यांच्या नंतरच्या मोजमापाप्रमाणे दुपटीहून थोडे अधिक. हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये हीच वृत्ती शेअर विक्रीत दाखवली.

आपल्याकडचा पुरावाही स्पष्ट आहे. एप्रिल २०२१ ते डिसेंबर २०२३ मधील आयपीओंचा सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने अभ्यास केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या आयपीओंनी २० टक्क्यांहून जास्त परतावा दिला, त्यांतील ६७.६ टक्के शेअर, मूल्याच्या हिशेबाने, वैयक्तिक गुंतवणूकदारांनी आठवड्याच्या आत विकले. ज्यांत तोटा होता त्यांतील फक्त २३.३ टक्के विकले. एकाच बाजारातील तीच माणसे, पण नफा दिसला की हात पटकन सुटतो आणि तोटा दिसला की तो घट्ट मिटतो.

अति व्यवहाराबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याचे आकडे पुरेसे बोलके आहेत. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी १९९१ ते १९९६ या काळातील ६६,४६५ अमेरिकी कुटुंबांची खाती तपासली. बाजाराने वर्षाला १७.९ टक्के दिले असताना सर्वांत जास्त उलाढाल करणाऱ्यांच्या पदरी ११.४ टक्के पडले. आपल्याकडे सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात निघाल्या आणि एकत्रित तोटा १.८ लाख कोटींच्या वर गेला. हे आकडे प्रसिद्ध झाल्यावरही मला दर आठवड्याला कोणीतरी तरुण ऑप्शन्सचा क्लास कोणता चांगला, असे विचारतो, आणि त्याच्या आईवडिलांचे कष्ट मला माहीत असल्यामुळे ते ऐकून फार वाईट वाटते.

एसआयपीबद्दल, म्हणजे फंडात दरमहा ठरावीक रक्कम घालण्याच्या पद्धतीबद्दल, मला समाधानही आहे आणि काळजीही. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशी संस्थांनी सुमारे ९४,००० कोटींचे शेअर विकले, तरी निफ्टी सहा टक्क्यांच्या आसपासच उतरला, कारण देशी संस्थांनी एक लाख कोटींहून जास्त खरेदी केली आणि त्यामागे त्या महिन्यात २५,००० कोटींहून अधिक एसआयपीचा ओघ होता. एके काळी परदेशी पैसा निघाला की बाजार झोपत असे, त्या मानाने हा मोठा बदल आहे. पण जानेवारी २०२५ मध्ये, बाजार काही महिने उतरत राहिल्यावर, नव्या सुरू झालेल्या एसआयपींपेक्षा बंद झालेल्या किंवा मुदत संपलेल्या एसआयपींची संख्या जास्त भरली: सुमारे ५६ लाख नव्या आणि ६१ लाख बंद. स्वस्तात जास्त युनिट मिळावेत म्हणून जी व्यवस्था केली, ती युनिट स्वस्त झाल्याबरोबर बंद करायची, हे मी कितीही समजावले तरी काही घरांत घडतेच.


प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद
इंदिरानगरकर

तिन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. पंचवटीकरांचा आक्षेप आमच्या गटातील पहिल्या बाजूला आवडेल. अजून दोन गोष्टी विचारतो. इंडिया व्हीआयएक्स हा भीतीचा निर्देशांक म्हणून सांगितला जातो. त्यावरून सामान्य माणसाला काही ठरवता येते का? आणि आमच्या गटात एचएएलची मंडळी असल्याने त्यांच्याच कंपनीच्या शेअरबद्दल कमाई किती आणि मनःस्थिती किती, असे वेगळे करून दाखवता येईल का?


उत्तर
हिशेबनीस (कॉलेज रोड, नाशिक)

पंचवटीकरांनी व्याजदराचा मुद्दा काढला ते योग्यच झाले; माझ्या गणितात तो गृहीत धरायचा राहिला नव्हता, पण स्पष्ट लिहायला हवा होता.

इंडिया व्हीआयएक्स निफ्टीच्या ऑप्शन्सच्या भावांवरून काढला जातो आणि पुढच्या तीस दिवसांत बाजार किती हलेल, याबद्दलची बाजाराची अपेक्षा त्यातून कळते. कोणत्या दिशेला हलेल, हे त्यात नसते. मार्च २०२० मध्ये तो ८० च्या वर गेला तेव्हा तळ जवळच होता, हे खरे. मात्र २००८ च्या शेवटच्या महिन्यांतही तो तितकाच चढला होता आणि तरी बंद भावाच्या हिशेबाने सेन्सेक्सचा तळ मार्च २००९ मध्ये, ८,१६० वर आला. म्हणून व्हीआयएक्स फार चढलेला असताना विकण्याचा निर्णय काही दिवस पुढे ढकलावा, एवढाच त्याचा उपयोग मी करतो.

एचएएलचे उदाहरण फार बोलके आहे. मार्च २०१८ मध्ये १,२४० रुपयांपर्यंतच्या भावाने त्यांचा आयपीओ आला, तेव्हा तो जेमतेम ९९ टक्के भरला आणि किरकोळ गुंतवणूकदारांचा भाग अर्धाही भरला नाही. त्याआधी दहा वर्षांपूर्वी, जानेवारी २००८ मध्ये, रिलायन्स पॉवरच्या आयपीओला सत्तरपटीहून जास्त अर्ज आले होते आणि ४५० रुपयांचा तो शेअर पहिल्याच दिवशी ३७२ च्या आसपास बंद झाला होता. एकट्या दोन उदाहरणांनी नियम सिद्ध होत नाही, पण अर्जांची गर्दी हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे, एवढे त्यातून दिसते.

आता कमाई आणि पट वेगळी करू. मार्च २०२० मध्ये एचएएलचा शेअर ५०० रुपयांच्याही खाली गेला होता. २०१९-२० चा नफा सुमारे २,९०० कोटी होता, म्हणजे बाजार कमाईच्या सहापटीच्या आत भाव देत होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस विमानांचा सुमारे ४८,००० कोटींचा करार झाला, संरक्षण सामग्री देशात बनवण्याचे धोरण पुढे सरकले आणि २०२३-२४ चा नफा सुमारे ७,६०० कोटींवर गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये एका शेअरचे दोन झाले होते. जुलै २०२४ मध्ये भाव ५,६०० च्या वर गेला, जुन्या शेअरच्या हिशेबाने ११,२०० हून जास्त. नफा चार वर्षांत अडीचपटीहून थोडा अधिक झाला आणि भाव बावीसपटीहून जास्त. उरलेली सारी वाढ पट सहावरून पन्नाशीच्या जवळ गेल्याने झाली. तिचा काही भाग नक्कीच योग्य होता, कारण २०२० मधील पट अवास्तव कमी होती आणि पुढच्या ऑर्डर खऱ्या होत्या. पण २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव ३,१०० च्या आसपास उतरला, आणि त्या आर्थिक वर्षात नफा वाढून सुमारे ८,४०० कोटी झाला होता. ओझरच्या कारखान्यात वर्षभर चांगले काम झाले, तरी वरच्या भावाला घेतलेल्याचे जवळजवळ पंचेचाळीस टक्के गेले. माझ्या पहिल्या उत्तरातील १,८०० रुपयांचा शेअर घेणारा माणूस तो हाच.

त्या मेहुण्यांना तीन वर्षांच्या परताव्याबद्दल एक गोष्ट दाखवावी. ३१ मार्च २०२३ रोजी सेन्सेक्स ५८,९९१ होता. २३ मार्च २०२० पासून मोजले तर तीन वर्षांत तो सव्वादोनपटीहून जास्त झाला, वर्षाला ३१ टक्क्यांच्या आसपास. जानेवारी २०२० मधील ४१,९५२ पासून मोजले तर सव्वातीन वर्षांत फक्त ४० टक्के, वर्षाला सुमारे ११. आरंभाची तारीख दहा आठवड्यांनी हलवली की परतावा तिपटीच्या जवळ बदलतो. म्हणून फंडाच्या पत्रकातील तीन वर्षांचा आकडा पाहताना तो कुठल्या पातळीपासून मोजला आहे, ते आधी पाहावे. निफ्टीच्या पी/ईची (भाव कमाईच्या किती पट आहे, याची) जुन्या काळाशी तुलना करणार असाल, तर एनएसईने (राष्ट्रीय शेअर बाजाराने) २०२१ पासून तो उपकंपन्यांसह एकत्रित कमाईवर काढायला सुरुवात केली हे लक्षात ठेवावे, नाहीतर जुने आकडे उगीच महाग वाटतील.

निवृत्तीच्या रकमेबद्दल माझे मत स्पष्ट आहे. घरखर्चाला लागणारी पुढच्या सहा-सात वर्षांची रक्कम ठेवीत आणि सरकारी योजनांत ठेवावी, आणि त्यापलीकडची जी रक्कम शेअर बाजारात जाईल ती दीड-दोन वर्षांत विभागून, बहुतांश व्यापक निर्देशांकाच्या फंडात जावी. एकरकमी गुंतवणूक गणिताने अनेकदा सरस ठरते हे मला ठाऊक आहे, तरी साठीच्या माणसाला पहिल्याच वर्षी तीस टक्क्यांची घसरण पाहावी लागली, तर तो तळाला बाहेर पडण्याची शक्यता मोठी असते, आणि वितरकांनी मांडलेला ८२,५०० चा हिशेब मग त्यांच्या घरात घडतो. स्मॉलकॅप फंडाचा आग्रहच असेल, तर शेअरसाठी बाजूला काढलेल्या रकमेच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये. पैसे घालण्याआधी त्यांनी एका कागदावर, किती घसरण झाली तर काय करायचे, हे स्वतःच्या अक्षरात लिहून आपल्या सदस्यांकडे द्यावे, आणि एसआयपी किंवा एसटीपी (एका फंडातून दुसऱ्यात ठरावीक रक्कम हलवत राहण्याची सोय) थांबवावीशी वाटली तर आधी तो कागद मागवून घ्यावा.